ऊन असूनही: कारण, प्रतिबंधक आणि ड जीवनसत्त्वाचा अभाव

भारताचा भूभाग विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे ८ ते ३७ अंशांच्या दरम्यान पसरलेला आहे, आणि पावसाळ्याचे महिने व उत्तरेकडील धुक्याचे दिवस वगळले तर त्यावर वर्षभर भरपूर ऊन पडते. तरीही गेल्या काही दशकांत दिल्लीपासून तिरुपतीपर्यंत ठिकठिकाणी झालेल्या रक्ततपासण्यांमध्ये निरोगी म्हणून वावरणाऱ्या अनेकांच्या रक्तातही ड जीवनसत्त्व अपेक्षेपेक्षा बरेच कमी आढळले आहे. सौदी अरेबिया आणि आखाती देश यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. ज्या प्रदेशात उन्हाची ददात नाही तेथे उन्हापासून मिळणाऱ्या वस्तूची टंचाई कशी, असे आश्चर्य यावर सर्वसाधारणपणे व्यक्त होते. हे आश्चर्य वरवर वैद्यकीय वाटले, तरी त्याच्या मुळाशी कारण हजर असले की कार्य घडलेच पाहिजे, असे एक न तपासलेले गृहीतक आहे. कारण असताना कार्य का घडत नाही, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी अनेक शतके घासून पाहिलेला असल्यामुळे, उन्हाच्या देशातील या उणिवेचा विचार त्या परंपरेच्या परिभाषेत करून पाहणे उपयोगाचे ठरते. कारण त्या परिभाषेत प्रश्न केवळ शरीराचा राहत नाही, तर देणारा, घेणारा आणि मध्ये उभा राहणारा यांच्या नात्याचा होतो.

न्याय आणि मीमांसा या दोन दर्शनांमधील एक प्रसिद्ध वाद अग्नी आणि मणी यांच्याविषयीचा आहे. अग्नी जाळतो हे सर्वांना मान्य आहे. परंतु विशिष्ट मणी अग्नीजवळ ठेवला किंवा विशिष्ट मंत्राचा प्रयोग केला, तर अग्नी डोळ्यांसमोर असूनही जाळीत नाही, अशी त्या काळची समजूत होती, आणि दोन्ही पक्षांनी ती उदाहरणापुरती मान्य केलेली होती. मीमांसकांचे म्हणणे असे की, अग्नीचे दिसणारे रूप जसेच्या तसे असताना दाह थांबतो, त्या अर्थी दाह घडविणारी ‘शक्ती’ ही अग्नीहून वेगळी, डोळ्यांना न दिसणारी वस्तू असली पाहिजे, आणि मणी तिचाच नाश करतो. नैयायिकांना असा अदृश्य पदार्थ मानण्याची गरज वाटली नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या पहिल्या स्तबकात या शक्तिवादाचे खंडन केले आहे. त्यांचे आणि त्यांच्या परंपरेचे उत्तर थोडक्यात असे सांगता येईल: कार्य एकट्या कारणाने घडत नसते, ते ‘सामग्री’ने, म्हणजे सर्व आवश्यक कारणांच्या समुदायाने घडते; आणि त्या समुदायात अग्नी व लाकूड यांच्याइतकेच ‘प्रतिबंधकाभावा’लाही, म्हणजे अडथळा नसण्यालाही, स्थान आहे. मणी अग्नीचे काही हिरावून घेत नाही. मणी असला की सामग्रीतील ‘मणी नसणे’ हा घटक गळतो आणि म्हणून दाह होत नाही.

या उत्तरात एक धाडस आहे, ते असे की, नसणे हेही कारण असू शकते. वैशेषिक परंपरेने अभावाला स्वतंत्र पदार्थाचा दर्जा दिलेला असल्यामुळेच हे धाडस शक्य झाले. आधुनिक शरीरशास्त्राने ड जीवनसत्त्वाच्या निर्मितीचे जे वर्णन केले आहे, ते शक्तिवादापेक्षा या सामग्रीवादाशी अधिक जुळते, आणि उन्हाच्या देशातील उणिवेचे कोडे सुटते तेही तिथेच.

ते वर्णन असे आहे. मानवी त्वचेत ‘सात-डीहायड्रोकोलेस्टेरॉल’ नावाचे, कोलेस्टेरॉलच्या कुळातील एक द्रव्य असते. सूर्यप्रकाशाच्या जंबुपार किरणांपैकी सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण, ज्यांना ‘यूव्हीबी’ म्हणतात, त्या द्रव्यावर पडले की त्याच्या रेणूतील एक वलय उघडते आणि ड जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते. शरीराच्या उष्णतेने त्या पूर्वरूपाचे काही काळात ड-३ जीवनसत्त्वात रूपांतर होते. ते रक्तातून यकृतात जाऊन एकदा आणि मूत्रपिंडात जाऊन पुन्हा एकदा बदलते, आणि मगच आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याचे काम करण्याजोगे होते. अन्नातून मिळणाऱ्या इतर जीवनसत्त्वांप्रमाणे ते मुख्यतः बाहेरून जसेच्या तसे येत नाही. शरीर ते स्वतः घडविते आणि संप्रेरकाप्रमाणे वापरते, त्यामुळे ‘जीवनसत्त्व’ हे नाव त्याला इतिहासाच्या ओघातच चिकटले आहे. शिवाय माणूस उन्हात अधिक वेळ थांबला म्हणून उत्पादन अमर्याद वाढत नाही, कारण ठरावीक मर्यादेनंतर तेच किरण पूर्वरूपाचे इतर निष्क्रिय द्रव्यांत रूपांतर करू लागतात. सूर्य असा आपल्या देण्यावर स्वतःच बंधन घालतो.

या साखळीतील प्रत्येक दुव्यापाशी मणी ठेवण्याची सोय आहे. खिडकीची साधी काच डोळ्यांना हवा असलेला प्रकाश आत येऊ देते, पण यूव्हीबी किरण जवळजवळ पूर्णपणे अडविते, त्यामुळे उजळ दिवाणखान्यात दिवसभर बसलेल्या माणसाला ड जीवनसत्त्वाच्या दृष्टीने अंधारातच बसल्यासारखे आहे. कापड किरणांना अडविते. हवेतील धूर आणि सूक्ष्म कण त्यांना शोषून घेतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना वातावरणातून लांबचा तिरपा मार्ग कापावा लागतो व वाटेत ओझोनचा थर त्यांना गिळतो, त्यामुळे माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा लांब असते त्या वेळी त्वचेत फारसे काही घडत नाही. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही तेच किरण टिपते. या शेवटच्या घटकाला मात्र प्रतिबंधक म्हणावे की नाही, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. नीना जब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० मध्ये मांडलेल्या विचारानुसार, प्रखर उन्हाच्या प्रदेशांत त्वचा सावळी झाली ती मुख्यतः फोलेट या दुसऱ्या जीवनसत्त्वाला किरणांपासून वाचविण्यासाठी. त्या प्रदेशांत ऊन इतके होते की, रंगद्रव्याने काही किरण टिपूनही ड जीवनसत्त्वापुरते उरत असत. याचा अर्थ सावळा रंग हा त्या उन्हाशी झालेला जुना समझोता आहे. तो दोष ठरतो तो ऊनच हिरावले गेल्यावर. उन्हाच्या देशातील लोकांनी गोरेपणाच्या हौसेने ऊन टाळावे आणि मग रक्ततपासणीच्या अहवालात सावळ्या त्वचेला बोल लावावा, यातला विरोधाभास पुण्यातील स्कार्फ आणि सनकोट यांच्या बाजाराकडे पाहिले तरी ध्यानात येतो.

ऊन आणि हाडे यांचा संबंध प्रथम ध्यानात आला तो ऊन नसलेल्या शहरांत. मुडदूस, म्हणजे वाढत्या वयातील हाडे मऊ राहून वाकण्याचा विकार, याचे सविस्तर वर्णन फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याने १६५० मध्ये केले, आणि पुढे कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या इंग्लंड-स्कॉटलंडच्या शहरांत तो विकार बालपणाचा नित्याचा सोबती झाला. जपानमध्ये काम केलेले थिओबाल्ड पाम हे मिशनरी डॉक्टर १८९० मध्ये या प्रश्नाकडे वळले तेव्हा त्यांनी चीन, भारत आदी देशांतील मिशनऱ्यांकडून माहिती मागविली आणि असा निष्कर्ष काढला की, घाण आणि दारिद्र्य भरपूर असलेल्या या देशांत मुडदूस दुर्मीळ आहे, कारण तेथे ऊन आहे. बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याच्या किरणांनी मुडदूस झालेली मुले बरी करून दाखविली, त्यामुळे पाम यांच्या तर्काला प्रयोगाचा आधारही मिळाला.

परंतु पाम यांनी ज्या देशाकडे पुरावा म्हणून बोट दाखविले, त्याच देशाने तीन दशकांनंतर त्यांच्या निष्कर्षाला एक महत्त्वाची पुरवणी जोडली, आणि ती महाराष्ट्रातून आली. मुंबई इलाख्यातील नाशिक येथे हचिसन आणि शाह या वैद्यांनी केलेला मुडदुसाचा अभ्यास १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, निकृष्ट अन्न खाणाऱ्या पण उघड्यावर राबणाऱ्या गरीब हिंदूंमध्ये हा विकार जवळजवळ नव्हता, तर पडदा पाळणाऱ्या मुसलमान आणि उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांतील तान्ही मुले व त्यांच्या आया यांच्यात तो वारंवार आढळत होता. गाव तेच, ऊन तेच. अन्न तर खात्यापित्या घरात अधिक चांगले. फरक होता तो उंबरठ्याचा. रोगांचा सामान्य नियम असा की, ते गरिबाला आधी धरतात. येथे प्रतिष्ठाच रोगाचे कारण बनली होती, कारण बाईचे आणि बाळाचे उन्हात न दिसणे हेच घराच्या प्रतिष्ठेचे माप होते. याच सुमारास काश्मीरमध्ये कॅथलीन वॉन या डॉक्टर बाईंनी पडद्यातील स्त्रियांच्या कटिभागाची हाडे मऊ होऊन वाकलेली व त्यामुळे बाळंतपणे जीवघेणी झालेली पाहिली, आणि १९२८ मध्ये पडदा व मातृत्व यांच्या संबंधावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. अग्नी आणि मणी यांच्या वादाला इतके चपखल ऐतिहासिक उदाहरण क्वचित सापडेल: सूर्याची शक्ती नाशिकला कमी झालेली नव्हती, काही घरांत मणी ठेवलेला होता.

मणी पुढे बदलत गेले. दिल्लीत गोस्वामी, कोचुपिल्लै आणि त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोकळ्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांच्या रक्तातील ड जीवनसत्त्व त्याच शहरातील डॉक्टर व परिचारिकांच्या रक्तातल्यापेक्षा पुष्कळ चांगले आढळले. आरोग्याची राखण करणारेच येथे छपराखाली अडकलेले होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिल्लीच्या मोरी गेट या प्रदूषित भागातील लहान मुलांची तुलना तेव्हाच्या मानाने स्वच्छ हवेच्या गुडगावातील मुलांशी केली गेली, आणि मोरी गेटच्या मुलांमधील पातळी बरीच खाली असल्याचे दिसले. घरातील पडद्याच्या जागी आता शहरावर पसरलेला धुराचा पडदा आला होता, आणि तो कोणत्याही एका कुटुंबाच्या चालीरीतीचा भाग नव्हता.

नैयायिकांच्या परिभाषेतील आणखी एक भेद येथे उपयोगी पडतो. कणगीत ठेवलेल्या बियाण्यात अंकुर देण्याची पात्रता असते, म्हणून त्याला अंकुराचे ‘स्वरूपयोग्य’ कारण म्हणतात. तेच बी ओल्या मातीत पडून प्रत्यक्ष अंकुर देते, तेव्हा ते ‘फलोपधायक’ म्हणजे फळ पदरात टाकणारे कारण होते. उन्हाचा देश या शब्दांत जे सांगितले जाते ते केवळ स्वरूपयोग्यतेविषयीचे विधान आहे. त्यावरून फळाची हमी काढणे ही तर्काची चूक आहे. सामग्रीची बाब किरणांपाशीही संपत नाही. नायजेरियात थॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले की, त्या मुलांच्या आहारात कॅल्शियमच अत्यल्प होते व कॅल्शियम दिल्याने ती सुधारली. तेव्हा उन्हात राबणारा माणूस उन्हामुळे सुरक्षित झाला असेही म्हणता येत नाही. ज्याला ऊन मिळते त्याला बहुतेकदा दूध मिळत नाही, आणि ज्याला दूध मिळते तो उन्हापासून पळतो, अशी ही विभागणी आहे.

येथून प्रश्न धर्मशास्त्राच्या, किंबहुना ईश्वरविचाराच्या, प्रांतात शिरतो. सूर्य हा समदृष्टीचा जुना आदर्श आहे. तो राजा आणि रंक यांच्यावर सारखाच प्रकाशतो, असे भारतीय भक्तिपरंपरा गृहीत धरते. देणारा सम असेल तर घेणाऱ्यांत इतकी विषमता का, हा प्रश्न ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातील ‘वैषम्य-नैर्घृण्य’ या अधिकरणात ईश्वराच्या संदर्भात उपस्थित झालेला आहे. वैषम्य म्हणजे पक्षपात, नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. जगातील सुखदुःखाची असमान वाटणी पाहता ईश्वरावर हे दोन आरोप येतात, आणि सूत्रकार ते नाकारतात. भाष्यात शंकराचार्यांनी पर्जन्याचा दृष्टांत दिला आहे: पाऊस भात, जव इत्यादी सर्वांसाठी साधारण कारण असतो, पिकांमधील भेद मात्र त्या त्या बीजाच्या सामर्थ्यामुळे पडतो, त्याचप्रमाणे ईश्वर साधारण कारण आहे आणि विषमता प्राण्यांच्या आपापल्या कर्मामुळे येते.

दृष्टांत सुंदर आहे, आणि ईश्वराला दोषमुक्त करण्याचे त्याचे काम तो नीट करतो. परंतु तो ऐहिक विषमतेला जसाच्या तसा लावला की घोटाळा होतो. सूर्य साधारण कारण, त्वचा हे बीज, आणि उणीव हे त्या माणसाचे स्वतःचे देणे, असा हिशेब सहज मांडता येतो. आणि कर्माचे नाव न घेताही आजचा आरोग्योपदेश नेमका हाच हिशेब मांडत असतो. रोज थोडा वेळ उन्हात बसावे, हा सल्ला ज्याला दिला जातो त्याला वेळ, अंगण, गच्ची, निर्धास्तपणा आणि स्वच्छ हवा आहे असे त्यात मानलेले असते. भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीतील पहिल्या मजल्यावर शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईला तो सल्ला देणे म्हणजे मणी तसाच ठेवून लाकडाला पेट म्हणण्यासारखे आहे. पाऊस आणि बीज यांच्यामध्ये शेत असते, आणि शेताला मालक असतो, ही गोष्ट भाष्यातील दृष्टांतात आलेली नाही, कारण तिथे तिची गरज नव्हती. उणिवेच्या विचारात ती आधी यावी लागते. साधारण कारण निर्दोष आहे एवढ्याने असाधारण कारण म्हणजे भोगणाराच, असे ठरत नाही. मध्ये इमारतींच्या उंचीचे नियम, कामाच्या पाळ्या, स्त्रीने कोठे आणि किती वेळ दिसावे याविषयीचे संकेत आणि धूर सोडण्याची मुभा अशी कितीतरी माणसांनीच घडविलेली कारणे उभी असतात.

कायद्याला प्रकाशाचा हक्क ठाऊक नाही असे नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या १५व्या कलमानुसार, एखाद्या इमारतीला २० वर्षे अखंडपणे मिळत आलेल्या प्रकाशाचा व हवेचा हक्क प्राप्त होऊ शकतो, आणि शेजाऱ्याला तो सहजी बुजविता येत नाही. परंतु तो हक्क इमारतीला चिकटलेला आहे, तिच्यात राहणाऱ्याच्या त्वचेला नव्हे. खिडकीतून वाचण्यापुरता उजेड आला की त्याचे समाधान होते, आणि ती खिडकी काचेची असली तरी कायद्याची काही तक्रार नसते.

सूर्योपासना आणि आरोग्य यांचा संबंध भारतीय परंपरेत फार जुना आहे, आणि तो त्वचेवरूनच जातो, हे लक्षणीय आहे. कृष्णपुत्र सांब शापामुळे कुष्ठरोगी झाला आणि चंद्रभागेच्या तीरावर सूर्याची आराधना करून बरा झाला, ही कथा सांबपुराणात आहे. मूलस्थान म्हणजे आजचे मुलतान येथील प्राचीन सूर्यमंदिर आणि ओडिशातील कोणार्क ही दोन्ही ठिकाणे आपले माहात्म्य तिच्याशी जोडतात. महाराष्ट्रात औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार व्यायाम म्हणून नेटाने केला. या वारशाच्या आधारे अलीकडे असा दावा वारंवार केला जातो की, अर्घ्य, संध्या आणि नमस्कार यांची योजना पूर्वजांनी ड जीवनसत्त्वासाठीच केली होती. हा दावा वस्तुस्थितीच्या कसोटीवर टिकत नाही. अर्घ्य देण्याची मुख्य वेळ सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची, आणि नेमक्या त्याच वेळी यूव्हीबी किरण जवळजवळ नसतात. त्रिकाल संध्येतील माध्याह्न संध्या तेवढी किरणांच्या वेळेशी जुळते, आणि रोजच्या आचारातून पहिल्यांदा गळाली तीच.

मात्र या दाव्यातील खरा दोष वेळापत्रकाचा नाही. मीमांसकांनी कर्मांच्या फळांचे दृष्ट आणि अदृष्ट असे दोन प्रकार मानले: भात कांडल्याने कोंडा निघतो हे दृष्ट फळ, तर यज्ञाने स्वर्ग मिळतो हे अदृष्ट. जेथे दृष्ट फळ सापडते तेथे अदृष्टाची कल्पना करू नये, असा त्यांचा दंडकही होता. या दंडकाकडे पाहता सूर्योपासनेला ड जीवनसत्त्वाचे दृष्ट फळ चिकटविणाऱ्यांनी आपण काय पणाला लावतो आहोत याचा विचार केलेला दिसत नाही. कारण एकदा ते दृष्ट फळ हेच उपासनेचे प्रयोजन ठरले की, तेच फळ स्वस्तात देणारी गोळी बाजारात येताच उपासना निष्प्रयोजन होते. नमस्कार घालणारा सूर्यासमोर नम्र होतो. त्या वेळी त्याच्या त्वचेत काही घडत असेल वा नसेल, त्याच्या नम्रतेचा तो हिशेब नव्हे. धर्माचे समर्थन प्रयोगशाळेकडून उसने आणण्याची ही हौस धर्माला बळ देत नाही, त्याला फक्त प्रयोगशाळेचा आश्रित करते.

आतापर्यंत उणीव ही ठाम वस्तुस्थिती आहे असे धरून चर्चा झाली. तेही तपासणे भाग आहे. नैयायिकांच्या मते अभाव कधी मोघम नसतो. तो नेहमी कशाचा तरी आणि कोठे तरी असतो. ज्याचा अभाव त्याला ‘प्रतियोगी’ आणि जेथे अभाव त्याला ‘अनुयोगी’ म्हणतात: जमिनीवर घडा नाही, यात घडा प्रतियोगी, जमीन अनुयोगी. ड जीवनसत्त्वाच्या अभावात अनुयोगी रक्त आहे हे स्पष्ट आहे, पण प्रतियोगी कोणता? रक्तात ते मुळीच नाही, असे जवळजवळ कधीच नसते. अभाव असतो तो विशिष्ट मात्रेचा, आणि ती मात्रा कोणी तरी ठरविलेली असते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेच्या समितीने २०१० च्या अखेरीस असे म्हटले की, रक्ताच्या दर मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम ही पातळी जवळजवळ सर्वांच्या हाडांना पुरेशी आहे. लगेच २०११ मध्ये एंडोक्राइन सोसायटी या अमेरिकी वैद्यकसंघटनेने ३० ची रेषा आखली. दोन रेषांच्या मधल्या पट्टीत कोट्यवधी माणसे राहतात, आणि ती एका अहवालाने निरोगी तर दुसऱ्याने उणी ठरली. २०१६ मध्ये मॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेही दाखवून दिले की, जवळजवळ सर्वांची गरज भागेल अशी वरची मर्यादा म्हणून सांगितलेला २० चा आकडा प्रत्येक व्यक्तीसाठी किमान रेषा म्हणून वापरला जात आहे, आणि त्यामुळे पुष्कळ निरोगी लोक आपोआप उणे ठरतात. २०२४ च्या नव्या मार्गदर्शनात एंडोक्राइन सोसायटीने आपली ३० ची रेषा मागे घेतली आणि निरोगी माणसांची सरसकट रक्ततपासणी करू नये असे सुचविले.

याहून बोलके उदाहरण होनोलुलूचे आहे. हवाई बेटांवरील त्या शहरात आठवड्याला सरासरी २९ तासांच्या आसपास उन्हात असणाऱ्या ९३ जणांची रक्ततपासणी बिंकली आणि सहकाऱ्यांनी केली व २००७ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा ३० ची रेषा लावली असता त्यांच्यातील सुमारे निम्मे लोक अपुरे ठरले. येथे मणी शोधूनही फारसा सापडत नाही, आणि तेव्हा शंका रेषेवरच जाते. दुसरीकडे, टांझानियातील मसाई आणि हाड्झा या उघड्यावर राहणाऱ्या जमातींच्या रक्तात २०१२ मध्ये सरासरी ४६ नॅनोग्रॅम आढळले, आणि मानवाची मूळ पातळी हीच असावी असे काहींना वाटते. पण मूळ स्थिती आणि आवश्यक स्थिती एकच असते, हे कोठे सिद्ध झाले आहे? जे नैसर्गिक तेच इष्ट, या उडीला तर्काचा आधार नाही, मग ती वनवासाच्या गौरवातून घेतलेली असो की रक्तचाचणीच्या जाहिरातीतून.

तरीही यावरून उणीव हा केवळ आकड्यांचा खेळ आहे असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. वाकलेले पाय आणि अरुंद झालेला कटिभाग यांना कोणत्याही रेषेची वाट पाहावी लागत नाही. तेथे अभाव स्वतःची खूण भावरूपाने, हाडाच्या आकारात, सोडून जातो. नाशिकच्या मुलांच्या बाबतीत हचिसन आणि शाह यांना रक्तातले ड जीवनसत्त्व मोजता येत नव्हते, तशी सोयच तेव्हा नव्हती, आणि त्यांचा निष्कर्ष त्यामुळे कमी खरा ठरत नाही. खालच्या टोकाला उणीव सापडते, वरच्या टोकाला ती ठरविली जाते. आणि बाजार नेमका या दोन टोकांमधील अंतर पुसून टाकतो.

शेवटी गोळीचा विचार. उदयनाचार्यांच्या चर्चेत एक पेच असा आहे की, अग्नी गवतापासून पेटतो, अरणीच्या घर्षणापासून पेटतो आणि सूर्यकांत मण्यापासूनही पेटतो. तीन भिन्न कारणांपासून एकच कार्य कसे? याला ‘तृण-अरणि-मणी न्याय’ म्हणतात. नैयायिक म्हणतात, तिन्ही अग्नींच्या जाती सूक्ष्मपणे भिन्न आहेत. मीमांसक म्हणतात, तिन्ही कारणांत एकच शक्ती आहे. ड जीवनसत्त्वही उन्हापासून मिळते, माशाच्या तेलापासून मिळते आणि गोळीपासून मिळते. ड-३ च्या पुष्कळ गोळ्या मेंढीच्या लोकरीतील चरबीवर किरण टाकून बनविलेल्या असतात, ही बाब कट्टर शाकाहाऱ्यांना अडचणीत टाकणारी असली तरी रेणू तोच असतो, आणि रक्ताच्या दृष्टीने तिन्ही अग्नी सारखेच. समाजाच्या दृष्टीने मात्र नैयायिकांचे म्हणणे अधिक खरे आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चपर्यंत उन्हात पुरेसे यूव्हीबी किरणच नसतात. १९६० नंतरच्या दशकांत ग्लासगोसारख्या शहरांत भारत-पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबांच्या मुलांना मुडदूस झाला, तो त्या अक्षांशाचा मणी होता आणि तो हलविणे कोणाच्याही हाती नव्हते. सावळ्या त्वचेच्या आणि अंगभर वस्त्र घेणाऱ्या लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावे, ही तेथील सरकारी सूचना त्यामुळे सरळ आणि प्रामाणिक आहे. नाशिकच्या त्या पडद्यातल्या घरांत १९२२ मध्ये तीच गोळी पोहोचली असती, तर बाळाचे पाय सरळ राहिले असते, आईचे बाळंतपण सुखरूप झाले असते, आणि उंबरठा होता तिथेच राहिला असता. मग त्या घरात मणी होता, हे नोंदवायला हचिसन आणि शाह यांच्याजवळ काही उरले नसते.